साडेसहाचा रेडिओ

सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि ऊन आत्ताच चांगलं तापलंय. जुलैच्या अखेरीला टोकियोचा सूर्य पावणेपाचच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे आम्ही जिना उतरून मैदानात येतो तेव्हा सकाळ कधीच संपल्यासारखी वाटते. चेरीच्या झाडांवर सेमींनी एकच गिल्ला चालवलाय. सेमी म्हणजे इथला उन्हाळी किडा. वर्षानुवर्षं मातीखाली काढायची आणि उन्हाळ्यात थोड्या दिवसांसाठी झाडावर येऊन ओरडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. त्याचे रिकामे तपकिरी कोष खोडाला चिकटलेले दिसतात. माझा मुलगा त्यातला एक अलगद सोडवून घेतो आणि आजीच्या पदरावर लावून देतो. आई तो झटकत नाही.

"असू दे," ती म्हणते. "आज पिन लावायची राहिलीच होती."

सुती साडी जरा वर खोचलेली, पायात पांढरे बूट, खांद्यावर पंचा. आई माझ्यापुढे चार पावलं चालतेय. महिन्यापूर्वी हीच बाई घराचं दार उघडायला तयार नव्हती. साताऱ्याहून आली तेव्हा पहिले काही दिवस नातवाचं कौतुक, लोणच्याच्या बरण्या उघडणं, फोनवर मावशीला इथल्या नळाच्या पाण्याचं वर्णन सांगणं यात गेले. मग आम्ही दोघं कामावर, नातू शाळेत आणि ही दोन खोल्यांत एकटी. गॅलरीत उभी राहून खालच्या सायकली बघायची. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. "मला त्यांचं काही कळत नाही, त्यांना माझं काही कळत नाही, उगीच कशाला," असं तिचं म्हणणं. परदेशी मुलांकडे आलेल्या किती आईवडिलांना मी असं गॅलरीत उभं राहिलेलं पाहते. व्हिसा तीन महिन्यांचा, आणि ते तीन महिने पडद्यामागून बाहेर बघण्यात जातात.

हे निशी-कासाई. टोकियोच्या पूर्व कडेला, एदोगावा वॉर्डात. २०००च्या आगेमागे संगणकाची कामं घेऊन भारतीय तरुण इथे येऊ लागले, कारण मेट्रोच्या तोझाई मार्गावरून ओतेमाचीच्या बँका आणि कचेऱ्या थोड्याच मिनिटांवर, आणि इथल्या सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींत भाड्याचं घर घ्यायला ना जामीनदार लागतो ना घरमालकाला द्यायची ती परत न मिळणारी रक्कम. आज वॉर्डात काही हजार भारतीय आहेत. त्यात मराठी माणसं भरपूर. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. इथे तुरीची डाळ मिळते, गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. मनात आणलं तर वर्षभर फक्त आपल्याच माणसांत राहता येतं, आणि आपल्यातले पुष्कळजण तसे राहतातही.

मैदानात सहा-सात जण आधीच आलेत. सगळ्यात आधी येतात ते रेडिओवाले आजोबा. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, डोक्यावर निळी टोपी. बाकड्यावर रुमाल पसरून त्यांनी रेडिओ ठेवलाय. छोटा, चंदेरी, हातात मावणारा. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलेलं. तबकडीवर ५९४च्या आकड्याजवळ लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, त्यांच्या बायकोने लावलेला. ती आता नाही. ठिपका जरा खरवडला गेलाय, पण काटा बरोबर तिथेच आणून ठेवलाय. ५९४ म्हणजे टोकियोत एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं मध्यम लहरीवरचं केंद्र.

"ओहायो गोझाइमास," आई म्हणते. खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शाळेत बाईंना नमस्ते म्हणावं त्या सुरात. सगळे कमरेत वाकून उत्तर देतात. आईही वाकते, जरा जास्तच, आणि पदर सावरते.

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागून आठवडा झालाय, म्हणून मुलंही आलीत. डोळे अजून झोपेत, केस उभे, गळ्यात दोरीने अडकवलेलं हजेरीचं कार्ड. कार्डावर चौकोन. रोज साडेसहाला रेडिओवरून लागणारी कवायत झाली की एका चौकोनात शिक्का. सुट्टीच्या शेवटी चौकोन भरलेले असले की वह्या, पेन्सिली, खाऊ असं काहीतरी मिळतं. माझा मुलगा त्याचं कार्ड आजीला रोज दाखवतो आणि आजी ते रोज पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघते.

साडेसहा.

रेडिओ बोलतो. आधी गाणं. ते गाणं इथे लहानथोर सगळ्यांना पाठ. आजूबाजूची तोंडं नुसती हलतात, आवाज फारसा निघत नाही. २० जुलै ते ३१ ऑगस्ट हा कार्यक्रम गावोगाव फिरतो, रोज एका नव्या गावाच्या मैदानावरून थेट येतो. आज उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातून. तिथे जमलेल्या माणसांनी एकदम घातलेली साद रेडिओतून ऐकू येते आणि आमच्याकडची दोन मुलं तिला ओरडून उत्तर देतात. गाणं संपतं. पियानो सुरू होतो. हा पियानो तिथे कुणीतरी खरोखर वाजवत असतं. शिकवणाऱ्याच्या शब्दामागोमाग तो चालतो, ताणायच्या वेळी सूर लांबतात, उड्यांच्या वेळी तुटक होतात.

पहिला प्रकार सोपा. दोन्ही हात समोरून वर, टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत ताण, मग बाजूने खाली. सोपा असला तरी आईचा उजवा हात कानापर्यंत जात नाही. दोन वर्षांपूर्वी खांदा धरला तो तसाच राहिलाय. साताऱ्यात डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले होते, तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, तिथेच राहिला. पहिल्या दिवशी इथे तिने हात अर्धवट वर नेऊन खाली सोडला होता. तिच्या शेजारी उभ्या असतात त्या मोठ्या काठाची हॅट घालणाऱ्या आजींनी ते पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या वेळी हात वर जायला लागला तशी त्यांनी आपली दोन बोटं आईच्या कोपराखाली आणून ठेवली. उचललं नाही, ढकललं नाही, नुसता आधार. आजही त्या तेच करताहेत. स्वतःचा उजवा हात वर, डाव्या हाताची दोन बोटं आईच्या कोपराखाली, नजर समोर. आईचा हात कानाच्या वर जातोय. पुरता सरळ नाही, पण कानाच्या वर. मी मागच्या रांगेतून बघते आहे आणि माझे हात वरच राहून गेलेत. रांग पुढच्या प्रकाराला गेली आहे.

इची, नी, सान, शी. एक ते आठ. आई मोजते मराठीत, ओठांतल्या ओठांत. हात फिरवणं, छाती उघडणं, बाजूला वाकणं. पुढे वाकताना तिची बोटं घोट्यापर्यंत पोचतात आणि हॅटवाल्या आजींची गुडघ्यापर्यंतच, तेव्हा आजी तोंडावर हात ठेवून हसतात आणि काहीतरी म्हणतात. "कमरेची गोष्ट आहे," आई मराठीत उत्तर देते, "आयुष्यभर जमिनीवर बसलोय आम्ही." दोघींनाही दोघींचं म्हणणं पोचलेलं दिसतं, कारण दोघीही मान डोलवतात.

या पहिल्या कवायतीत तेरा प्रकार आहेत आणि सगळे मिळून तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. एवढ्यात मान सोडली तर अंगातला बहुतेक प्रत्येक सांधा हलून जातो. मला यातली रचना फार आवडते. सुरुवात संथ, मग हात, छाती, कंबर, मधे जोर, अकराव्या प्रकाराला उड्या, आणि मग पुन्हा उतरत उतरत दीर्घ श्वास. उड्यांच्या वेळी मुलं मैदान दणाणून सोडतात, चाळिशीतले आम्ही मोजून मारतो आणि म्हातारी मंडळी फक्त टाचा उचलतात. उडी मारली नाही म्हणून कुणी कुणाकडे वळून बघत नाही. ज्याच्या अंगाला जेवढं झेपतं तेवढंच करायचं आणि ताल मात्र सगळ्यांचा एक.

आजोबांची नजर मात्र फिरते आहे. ती मी आता ओळखायला लागले आहे. हात फिरवता फिरवता ते माणसं मोजताहेत. रोज येणारे काठीवाले गृहस्थ आलेले नाहीत. पहिली कवायत संपते, मानेचा व्यायाम सुरू होतो, तेवढ्यात आजोबा रांगेतून एका बाईंकडे बघून भुवई उंचावतात. त्या बाई काही न बोलता रांगेतून निघतात, समोरच्या इमारतीकडे झपाझप चालू लागतात. दुसरी कवायत सुरू झालीय, ही जरा दमदार, सगळं अंग हलवून सुरू होणारी, मग गुडघे बाहेर वाकवून दंडाच्या बेटकुळ्या दाखवायच्या. मुलांचा हा लाडका प्रकार. पण मोठ्यांपैकी निम्म्यांचं लक्ष त्या इमारतीकडे आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात काठीवाले गृहस्थ दिसतात. त्यांच्या शेजारी त्या बाई. गृहस्थांनी कठड्याला काठी टेकवलीय आणि तिथूनच दोन्ही हात पसरून ते कवायत करताहेत. खाली कुणीतरी टाळी वाजवतं. गुडघा दुखतोय म्हणून उतरले नव्हते, एवढंच.

एवढंच, पण या वसाहतींत ते लहान नाही. एकटा माणूस घरात मरून पडला आणि कित्येक दिवस कुणाला कळलंच नाही, अशा बातम्या जपानात नेहमी येतात. कोदोकुशी म्हणतात त्याला. मुलं दूर, जोडीदार गेलेला, दार बंद. सरकार योजना आखतं, वर्तमानपत्रं लिहितात. आमच्या मैदानात त्यावरचा उपाय असा आहे, की साडेसहाला रांगेत तुमची जागा रिकामी दिसली तर पावणेसातच्या आत तुमच्या दाराची घंटा वाजते. कुठल्याही यंत्राहून मला याची खात्री जास्त वाटते.

सहा चाळीस. रेडिओवर बातम्यांचा आवाज येतो, तशी आजोबा खुंटी फिरवतात. सगळे एकमेकांना वाकून 'ओत्सुकारेसामा', म्हणजे 'दमलात हो', म्हणतात. मुलं शिक्क्यासाठी रांग लावतात. शिक्का मारायचं काम सत्त्याऐंशी वर्षांच्या आजींकडे. हात थरथरतो, पण शिक्का चौकोनातच पडतो. माझ्या मुलाच्या कार्डावर मारून झाल्यावर त्या कार्ड उलटून मागची बाजू वाचतात. मागे विमा कंपनीचं नाव आहे.

विमा आणि कवायत यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेत एका आयुर्विमा कंपनीने १९२५ मध्ये रेडिओवरून व्यायाम सुरू केला होता. जपानच्या टपाल खात्याकडे तेव्हा सामान्य माणसांचा आयुर्विमा होता आणि लोक धडधाकट राहिले, जास्त जगले, तर त्यात खात्याचंही हित होतं. नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाचं निमित्त साधून १ नोव्हेंबर १९२८ रोजी रेडिओवरून ही कवायत सुरू झाली. १९३० मध्ये टोकियोतल्या कांदा भागात एका पोलीस शिपायाने सुट्टीतल्या मुलांना सकाळी गोळा करून ती करायला लावली आणि सुट्टीतल्या कवायतीची प्रथा तिथून देशभर गेली. त्या जागी, साकुमा बागेत, आज एक स्मारकशिळा आहे. म्हणजे माझ्या मुलाच्या गळ्यातल्या कार्डाची परंपरा नव्वद वर्षांहून जुनी.

आईला हे सांगते तेव्हा तिला लगेच तिचे वडील आठवतात. अण्णा औंधच्या शाळेत शिकले. तिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच काळात सूर्यनमस्कार शाळेच्या वेळापत्रकातच घातले होते, आणि राजा स्वतः रोज घालत असे. "अण्णा ऐंशीव्या वर्षीही बारा घालायचे," आई म्हणते. "त्यांचे मंत्रावर, यांचे पियानोवर." औंध आणि टोकियो यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण लोकांच्या शरीराची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची, रोज, एका वेळी, ही कल्पना त्या दशकात दोन्हीकडे रुजत होती.

शिक्क्याच्या आजी मात्र कवायतीची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. मला मोडकंतोडकं कळतं, उरलेलं माझा मुलगा सांगतो. त्या शाळेत गेल्या तेव्हा युद्ध चालू होतं. मैदानात रांगा अशा नसायच्या, सरळ रेषेत असायच्या. आधी राजवाड्याच्या दिशेला वाकायचं, मग कवायत. आलं नाही तर विचारणा व्हायची. भूक इतकी असायची की हात वर केले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एवढं सांगून त्या आपला हात वर करून दाखवतात आणि खाली सोडतात. युद्ध हरल्यावर, परकीय सैन्याच्या अमलात, ही कवायत बंदही पडली. आज आम्ही केली ती १९५१ची. नवे प्रकार, तादाशी हात्तोरींचं नवं संगीत. दुसरी त्याच्या पुढच्या वर्षीची, तिचं संगीत इकुमा दान यांचं.

"ही वेगळी," त्या आजी म्हणतात. "हिला मी माझी मी येते."

मी या वाक्यापाशी थांबते. एका तालावर हजारो माणसं हलताना पाहिली की आपल्यापैकी कित्येकांना धास्ती वाटते आणि ती धास्ती खोटी नाही. हाच ताल माणसांना युद्धाकडेही घेऊन गेला होता. पण आज या मैदानात कुणी हजेरीची सक्ती करत नाही, कुणी ओरडत नाही, मुलांनाही शिक्का आणि खाऊ यांपलीकडे काही लालूच नाही. सत्त्याऐंशी वर्षांची बाई आपणहून जिना उतरून येते. ज्यांनी सक्तीची कवायत केली त्यांनीच ती आपल्या खुशीची करून घेतली आणि आता तीच आम्हा परक्यांनाही देऊन टाकली आहे, याचं मला मोल वाटतं.

मैदानाच्या कडेला सूचनाफलक आहे. त्यावर कचऱ्याचे वार, हरवलेल्या मांजराचं चित्र आणि वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेला पुराचा नकाशा. एदोगावा वॉर्डाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नद्यांच्या मुखाशी, बांधांच्या आड बसलेली वस्ती ही. मोठं वादळ यायचं असेल तर इथे थांबू नका, दुसरीकडे जा, असं वॉर्ड त्या नकाशात नागरिकांना उघड सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं तेव्हा लाखो रहिवाशांना घर सोडून जायचा सल्ला दिला गेला होता. आजोबा त्या नकाशापुढे उभं राहून माझ्या मुलाला काहीतरी समजावताहेत. आधी समुद्र कुठवर होता ते. त्यांच्या लहानपणी इथे लोक समुद्रातलं नोरी काढून वाळवायचे, ते पापडासारखं पातळ शेवाळ. मग भराव पडला, १९७९ मध्ये निशी-कासाईचं स्टेशन आलं, इमारती आल्या. मग ते बोट आमच्या इमारतीवर ठेवतात आणि आईकडे बघून म्हणतात, "सहावा मजला. आजी. उजवा खांदा."

त्यांना आमचं आडनाव उच्चारता येत नाही. मजला आणि खांदा पाठ आहे. उद्या पाणी आलं किंवा जमीन हलली तर जिन्यात आईला कुठल्या बाजूने धरायचं हे या माणसाला माहीत आहे.

थंड मुगिचाचा थर्मास उघडलाय. भाजलेल्या जवाच्या पाण्याचा हा चहा आईला पहिल्यांदा मुळीच आवडला नव्हता, आता ती पेला पुढे करते. बदल्यात तिने कागदात बांधून शेंगदाण्याच्या वड्या आणल्यात. हॅटवाल्या आजी वडी खातात, थांबतात, पुन्हा एक उचलतात आणि आईचा दंड दाबतात.

मंडळी पांगायला लागतात. दोघी-तिघी वाकून तण उपटताहेत, ते रोजचंच. मी आईला चलायची खूण करते, मला साडेसातची गाडी गाठायचीय. तेवढ्यात आजोबा बाकड्याकडून येतात. दोन्ही हातांवर रुमाल, रुमालात रेडिओ. ते माझ्याशी सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसे सुटे सुटे शब्द. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, काही दिवस वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. रेडिओ तुमच्याकडे.

मी आजूबाजूला बघते. वर्षानुवर्षं येणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे द्यावा की. मोबाइलवरही कार्यक्रम लागतो. मी तसं म्हणते. आजोबा मान हलवतात. "मोबाइलवर येतो. पण उशिरा येतो." आणि ते खरं आहे. इंटरनेटवरचं प्रसारण काही सेकंद मागे पडतं. मग ते आईकडे वळतात आणि रुमाल तिच्यापुढे धरतात. त्यांच्या हिशेबात रेडिओ सांभाळणारा माणूस तो, जो घरी असतो आणि वेळेवर उतरतो. आमच्या घरात तो माणूस आई आहे.

आई पदराला हात पुसते आणि दोन्ही हातांनी रेडिओ घेते. "त्यांना सांग," ती मला म्हणते, "सव्वासहाला इथे असेन. आणि विचार, पावसात काय करायचं?"

पावसात इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, खांबांमध्ये. तिथे लहर नीट पकडत नाही, तेव्हा रेडिओच उजवीकडच्या खांबाकडे वळवायचा. आजोबा रेडिओ वळवून दाखवतात, आई तो पुन्हा स्वतः वळवून बघते, सरळ करते, पुन्हा वळवते. लाल ठिपक्यावर बोट ठेवते. आजोबा मान डोलवतात. सगळं ठरतं.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच वसाहतींत असं मैदान ओस पडत चाललंय. मुलं कमी, चालवणारे थकलेले, कुठे आवाजाची तक्रार. सुट्टीभर चालायची ती कवायत कित्येक ठिकाणी सुट्टीच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यावर आलीय. आमच्या इमारतींत मात्र भारतीय मुलं भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे पाहुणे आलेले आजी-आजोबाही. या माणसांना त्या मैदानाची गरज आहे आणि त्या मैदानाला या माणसांची.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मुलांकडे जपानात यायचं ठरवत असेल, तर सामानात लोणच्याच्या बरण्यांबरोबर चांगल्या पकडीच्या बुटांचा एक जोड ठेवा. आल्यावर मुलांना विचारा, जवळच्या कुठल्या बागेत किंवा मैदानात साडेसहाला रेडिओ लागतो. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, कपड्यांचं बंधन नाही, साडीतही सगळं होतं. मागच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याचं बघून हात हलवायचे. आणि मुलांनो, पहिले दोन-तीन दिवस कामाची घाई जरा बाजूला ठेवून तुम्ही त्यांच्याबरोबर खाली उतरा.